दगडापासून दहा पावलं

टिटवी हा पक्षी मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पक्ष्यांवर काम करणाऱ्या बाईला पक्ष्यांचा लळा असणारच, असं लोक धरून चालतात. टिटवी कर्कश ओरडते, कारण नसताना ओरडते, आणि जिथे कुणी शहाणा जीव अंडी घालणार नाही अशा उघड्या मुरमावर अंडी घालते. घरटं म्हणावं असं ती काही बांधतही नाही. चार खडे इकडचे तिकडे केले, मध्ये टीचभर खळगा केला, की झालं. मला घुबडांवर काम करायचं होतं. सर म्हणाले, "घुबडं सगळ्यांनाच हवी असतात," आणि विषय संपला.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. नागपूरच्या दक्षिणेला, बेसा आणि मिहानच्या मधल्या पडीक जमिनीवर त्यांनी आयुष्यभर टिटवीची घरटी पाहिली होती. किती अंडी घातली, कितींतून पिल्लं निघाली, किती गेली, कशानं गेली. दर उन्हाळ्यात ते नाहीतर त्यांचा कुणी विद्यार्थी त्या माळावर असायचाच. त्या विद्यार्थ्यांतली मी शेवटची. तोवर सर निवृत्त झाले होते, हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी बसले होते, आणि इतक्या वर्षांच्या नोंदींचं एक पुस्तक त्यांनी लिहून काढलं होतं. शहराच्या कडेला टिटवीची वीण टिकत नाही, पिल्लं निघायच्या आतच अंडी जातात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुस्तक छापायला जायचं ते फक्त माझ्या हंगामाच्या प्रकरणासाठी थांबलं होतं. "तुझं काम झालं की माझी सुटका," असं सर हसून म्हणायचे. ते पुस्तक हातात घ्यायचं म्हणूनच ते ऑपरेशनमधून उठले, असं त्यांच्या घरचे म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

सरांची एक पद्धत होती आणि आमच्या विभागात ती देवपूजेसारखी पाळली जायची. घरटं सापडलं की त्याच्या बरोबर उत्तरेला दहा पावलांवर चुन्यात बुडवलेला मुठीएवढा दगड ठेवायचा. पुन्हा आलं की दगड शोधायचा, त्याच्याकडे पाठ करून दक्षिणेला दहा पावलं मोजायची आणि थांबायचं. खाली बघितलं की पायाशी अंडी. हे असलं काहीतरी लागतंच, कारण ती अंडी मुरमात अशी मिसळून जातात की तीन हातांवरून दिसत नाहीत, आणि फोनमधलं जीपीएस चार-पाच पावलांची चूक सहज करतं. टिटवीच्या बाबतीत चार-पाच पावलांची चूक म्हणजे अंड्यांवर पाय. आणि पावलं कुणाची, तर सरांची. विभागाच्या व्हरांड्यात फरशीवर खडूच्या रेघा मारलेल्या असत. नव्या विद्यार्थ्याला त्यांवरून आठवडाभर चालायला लावत, पाऊल सरांच्या पावलाएवढं पडेपर्यंत. मी बुटकी, त्यामुळे मला ढांगा टाकाव्या लागत. ऑफिसातले बाबू चहाचे कप घेऊन दारात उभे राहून ती गंमत बघत. मला राग यायचा, पण पंधरा दिवसांत डोळे मिटून चालले तरी माझी दहा पावलं सरांच्या दहा पावलांवर येऊन थांबायला लागली.

दुसरा नियम वेळेचा होता. घरट्यावर जायचं ते चार वाजल्यानंतर, ऊन कलल्यावर. दुपारी पक्षी अंड्यांवरून उठला तर अंडी भाजतात, आणि सकाळी त्यांची चरायची वेळ असते, तेव्हा अडथळा नको. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती, म्हणून मी जास्त विचारलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला मी काम सुरू केलं तेव्हा त्या माळावर प्लॉट पाडून ले-आउट झाला होता. गल्ल्या आखलेल्या होत्या, नाल्या बांधलेल्या होत्या, विजेचे खांब उभे होते. तारा नव्हत्या आणि माणसं नव्हती. एक-दोन घरांचे सांगाडे पहिल्या मजल्यापर्यंत येऊन थांबले होते, सळया वर काढून. चार वाजता मी स्कूटी कडेला लावायची तेव्हा सगळ्या गल्ल्या माझ्यासमोर सरळ आणि रिकाम्या पसरलेल्या असायच्या. एखाद्या गावातून सगळे उठून गेलेत आणि मला कुणी कळवलंच नाही, असं वाटायचं. मी भित्री नाही. तरी पहिल्या आठवड्यापासून मी तिथं मोठ्यानं खाकरत चालायला लागले, ही खरी गोष्ट आहे.

पहिलं घरटं सापडलं त्यात चार अंडी होती. मोजमाप केलं, दगड ठेवला, वहीत लिहिलं. तिसऱ्या दिवशी गेले तर टिटवी जागेवर बसलेली. मला बघून ओरडत उठली, आणि खाली खळगा रिकामा होता. टरफल नव्हतं, ओल नव्हती, पीस नव्हतं. कुणी चोचीनं फोडलं असतं तर काहीतरी सांडलं असतं. मी लांब जाऊन बसले तेव्हा ती परत आली. अंडी थंड राहावीत म्हणून टिटव्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात. तिचं पोट भिजलेलं होतं. तिनं पाय दुमडले, अंग दोन्हीकडे हलवून नीट जागा केली, आणि त्या रिकाम्या खळग्यावर ती बसली. दुसऱ्या दिवशीही बसलेली होती.

संध्याकाळी सरांचा फोन यायचा. "आजचं काय?"

"गेलं, सर."

"लिहून ठेव," ते म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजात वाईट वाटण्याबरोबर थोडं समाधानही असायचं. पुस्तकात लिहिलंय तसंच घडतंय याचं ते समाधान होतं. मलाही ते थोडंसं वाटायचं, आता कबूल करायला हरकत नाही.

दुसरं गेलं, तिसरं गेलं. मी कुत्र्यांवर संशय घेतला, मग डोमकावळ्यांवर. विभागानं दिलेले दोन कॅमेरे लावले तर ते दुसऱ्याच आठवड्यात चोरीला गेले. मे उजाडला तेव्हा एका दुपारी मी वहीतल्या नोंदी समोर घेऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की घरटी वाट्टेल तशी गेली नव्हती. मला सापडली होती त्याच क्रमानं गेली होती. पहिलं पहिल्यांदा, दुसरं त्याच्यानंतर. मधे एकही उलटसुलट नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मग मी स्वतःलाच झापलं, की जे जुनं ते आधी जाणार, यात भुताटकी कसली. पण जेवताना माझं लक्ष ताटात नव्हतं.

त्या माळावर माझ्याशिवाय रोज येणारी एकच बाई होती. वय झालेली, पाठीत वाकलेली, पाच-सहा शेळ्या घेऊन यायची. शेळ्या टिटव्यांच्या घरट्यांच्या जवळून चरत जायच्या, म्हातारी त्यांच्या मागून काठी टेकत जायची, आणि टिटव्या गप्प असायच्या. एखादी फार तर मान वर करायची. मी मात्र स्कूटीवरून उतरून हेल्मेट काढते न काढते तोच अख्खा माळ डोक्यावर घ्यायच्या. मी ओढणी बदलली, टोपी घातली, एक दिवस आईची साडीसुद्धा नेसून गेले. काही फरक पडला नाही. मी गल्लीच्या तोंडाशी असायची तेव्हाच पहिली उठायची आणि मग एकीकडून दुसरीकडे ते ओरडणं पसरत जायचं. त्यांना माझ्याविषयी काहीतरी ठाऊक होतं आणि ते मला ठाऊक नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं, आणि ते मला मुळीच आवडत नव्हतं.

म्हातारीनं एकदा मला हटकलं. "काहून वं पोरी, रोज रोज काय पाहून राहिली त्यायच्या अंड्यात?"

"अभ्यास करते, आजी."

"तू पाहून गेली का दोन दिवसात तिथं काहीच राहत नाही. मी पाहून राहिली ना महिन्यापासून."

मला ते लागलं. "मग काय मी खाते का ती?"

"तू नाही खात," ती शांतपणे म्हणाली. "तुह्या मागं कोणीतरी येते."

मी मागे वळून बघितलं. गल्ली रिकामी होती, खांब एका रांगेत उभे होते आणि त्यांच्या सावल्या नालीपर्यंत गेल्या होत्या. म्हातारीला विचारलं, कोण येतं. ती म्हणाली, तिनं पाहिलं नाही, पण टिटव्या तू गेल्यावरही थोडा वेळ ओरडत राहतात, तुझ्याच वाटेवर. मग तिनं शेळ्यांना हाक दिली आणि ती निघून गेली. त्या दिवसापासून मी चालताना मधेच थांबून वळायला लागले. कधीच काही दिसलं नाही. वळून पुन्हा चालायला लागलं की पाठीला मात्र सतत जाणवत राहायचं.

चार दिवसांनी तिनंच मला हाक मारली. नालीच्या पलीकडे, जिथं मी कधी शोधलंच नव्हतं, तिथं चार पिल्लं उन्हात पळत होती. नुकती निघालेली, काड्यांसारख्या पायांवर धडपडणारी. बाजूला टिटवी मान ताणून उभी होती. मी अख्ख्या हंगामात पाहिलेली पहिली पिल्लं.

"हे तुले माहीत नव्हतं ना," म्हातारी म्हणाली, "म्हणून वाचलं."

घरी येताना मला आठवलं की सर वर्गात नेहमी एक कोडं घालायचे. जवळजवळ सगळी अंडी जातात, मग इतक्या टिटव्या दिसतात कशा? आम्ही काहीतरी उत्तरं द्यायचो, बाहेरून येत असतील, फार वर्षं जगत असतील. सर मान डोलवायचे. खरं उत्तर नालीच्या पलीकडे पळत होतं आणि मला ते नको होतं.

मग एका संध्याकाळी मी मोजमापाची पट्टी घरट्यापाशीच विसरले. पट्टी विभागाची होती, हरवली तर दहा सह्या लागल्या असत्या. म्हणून नियम मोडून दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच गेले. शेजारच्या गल्लीत आदल्या दिवशी जेसीबीनं जमीन खरवडली होती आणि इकडे सगळीकडे पिठासारखी बारीक धूळ पसरली होती. वारा अजून सुटला नव्हता. दगडापासून दक्षिणेकडे माझ्या चपलांचे दहा ठसे स्पष्ट उमटलेले होते, आणि प्रत्येक ठशाच्या बाजूनं बारीक नखांचे, लहान लहान पंजांचे ठसे गेले होते. ते कुठेही भरकटले नव्हते. ते दगडापाशी आले होते, दगडाभोवती एकदा फिरले होते, आणि मग सरळ रेघेत दहाव्या पावलापर्यंत जाऊन थांबले होते. पट्टी तिथंच पडली होती. अंडी नव्हती.

मुंगूस. मी स्वतःशी मोठ्यानं म्हणाले. मुंगूस म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं, शेवटी एक साधं जनावर. माझ्या वासावर आलं असेल, झालं. पण मला खात्री करून घ्यायची खोड आहे. त्या संध्याकाळी मी जिथं घरटं नव्हतंच अशा जागी, रस्त्यावरूनच, एक चुन्याचा दगड धुळीत फेकला. त्याच्या दक्षिणेला मी पाऊलही टाकलं नाही. तिथं माझा वास नव्हता, अंडी नव्हती, टिटवीही नव्हती. नुसता दगड होता.

सकाळी गेले. ठसे दगडापाशी आले होते, दगडाभोवती फिरले होते, आणि कोऱ्या धुळीतून सरळ दक्षिणेकडे गेले होते. जिथं थांबले होते तिथं जमीन नखांनी उकरलेली होती. मी दगडाकडे पाठ केली आणि मोजून चालले. दहाव्या पावलाला माझ्या चपलेचं टोक त्या उकरलेल्या मातीत गेलं.

व्हरांड्यातल्या खडूच्या रेघा मी पंधरा दिवसांत शिकले होते. हे कुणी शिकवलं होतं त्याला? उत्तर मला एका घराच्या सांगाड्यात बसून मिळालं. पहिल्या मजल्यावर, खिडकीच्या भोकाशी, दुर्बीण घेऊन मी दोन सकाळी बसले. दुसऱ्या सकाळी मुंगूस आलं. मादी होती आणि मागे दोन पिल्लं होती, एकापाठोपाठ एक, नाक पुढच्याच्या शेपटीला लावून. मी टाकलेल्या दुसऱ्या एका दगडापाशी ती आली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि चौफेर बघितलं. तिची मान माझ्या खिडकीकडे वळली आणि तिथंच राहिली. मग ती खाली उतरली आणि दक्षिणेकडे चालू लागली. एक पिल्लू चुकून पूर्वेकडे गेलं. ती परत आली, त्याच्या मानेला तोंड लावून त्याला ओळीत आणलं, आणि पुन्हा दगडापासून सुरुवात केली.

मी आयुष्यात खूप काही पाहिलेलं नाही, पण त्या सकाळइतकं भयंकर काही पाहिलेलं नाही. टिटवी शहराशी जुळवून घेते का, यावर मी प्रबंध लिहीत होते. आणि जुळवून घेतलं होतं ते दुसऱ्याच कुणी, आणि शहराशी नाही, आमच्याशी. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात कुणीतरी येऊन त्या जमिनीवर पांढरे दगड मांडत होतं, आणि त्या दगडांचा अर्थ प्रत्येक आई पुढच्या पिढीला सांगत आली होती. आम्ही एकही अंडं खाल्लं नव्हतं. आम्ही फक्त पत्ता लिहून ठेवत होतो.

मग तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. आई म्हणाली, "काय होऊन राहिलं तुले? जेवत नाही, बोलत नाही." मी तिला म्हटलं ऊन लागलं. खरं तर माझ्या डोळ्यांपुढून सरांचं ते हस्तलिखित हलत नव्हतं, लाल फितीनं बांधलेलं, टेबलावर उजव्या हाताला ठेवलेलं. मी गप्प राहिले तर ते छापलं जाईल, माझा प्रबंध होईल, कुणाचं काही बिघडणार नाही. बोलले तर त्या माणसाच्या हाती आयुष्याचं काय उरतं? संध्याकाळी फोन आला. "आजचं काय?" मी म्हटलं, "सर, उद्या घरी येते."

त्यांच्या घरी बैठकीत पंखा फुल स्पीडवर होता आणि ते पांघरूण घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं, क्रम, धूळ, फेकलेला दगड, ती मादी. ते चिडतील, मला खोटं पाडतील, तू दगड नीट ठेवले नाहीत म्हणतील, अशी माझी तयारी होती, उत्तरंही तयार होती. त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. म्हणाले, "मला दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना गाडीतून नेलं. आदल्या संध्याकाळी मी पुन्हा एक दगड रस्त्यावरून टाकून ठेवला होता. सर काठी टेकत, माझा दंड धरत आले. टिटव्या ओरडायला लागल्या. मला वाटलं नेहमीप्रमाणे माझ्यावर, पण त्या माझ्यावरून पुढे गेल्या आणि सरांच्या डोक्यावर घिरट्या घालू लागल्या, इतक्या खाली की त्यांनी मान आत घेतली. ते कित्येक वर्षांत तिथं आले नव्हते. असं का झालं, मला आजही माहीत नाही, आणि त्याचं कारण शोधायची माझी इच्छाही नाही.

ठसे होते. दगडापासून निघालेली ती बारीक रेघ सरांनी बघितली. खूप वेळ बघितली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यांना चक्कर तर येत नाही ना म्हणून, आणि म्हणून त्यांच्या पायाकडे माझं लक्ष उशिरा गेलं. त्यांची चप्पल हळूहळू पुढे सरकली होती आणि जवळचा ठसा पुसत होती. एक पुसला. मग दुसरा. अगदी सवयीनं, दारात सांडलेलं पाणी आपण पायानं पुसतो तसं.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही हे आधी पाहिलंय."

त्यांनी पाय मागे घेतला. आपलाच पाय असल्याचं त्यांना तेव्हा कळल्यासारखं ते त्याच्याकडे बघत राहिले. "बसू या कुठेतरी," म्हणाले.

सांगाड्याच्या पायरीवर आम्ही बसलो. ते म्हणाले, "सुरुवातीला. एकदाच. एकदा दिसलेल्या गोष्टीला किंमत द्यायची नाही, हे मीच तुम्हा सगळ्यांना शिकवतो." मग म्हणाले, "दुसऱ्यांदा दिसू नये म्हणून मी सकाळी जाणं बंद केलं."

मला समजायला वेळ लागला. चार वाजेपर्यंत वारा सुटतो, शेळ्या फिरतात, धुळीत काही राहत नाही. अंडी भाजतात हे खरंच होतं. पण त्या नियमाखाली दुसरं कारण होतं आणि आम्ही सगळ्यांनी तो नियम वर्षानुवर्षं पाळला होता. मला इतका संताप आला की मी उठून उभी राहिले. ज्यांच्या पावलाबरहुकूम मी माझं पाऊल पाडायला शिकले, त्यांना मी म्हटलं, "किती घरटी गेली असतील, सर?" माझा आवाज चढला होता.

"तूच सांग," ते म्हणाले. "तुला मोजता येतं."

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. ते पायरीवर बसून होते, दोन्ही हात काठीवर, ऑपरेशननंतर शर्ट सैल झालेला. मला त्यांना आणखी बोलायचं होतं, आणि त्यांच्या पाठीवर हातही ठेवायचा होता. दोन्हींतलं काहीच मी केलं नाही. गाडीत बसताना त्यांनी एवढंच विचारलं, "तू हे लिहिशील?"

"हो."

"मग मी पाहिलं होतं, हेही लिही. पहिल्याच पानावर. नाहीतर ते खरं होणार नाही."

त्या आठवड्यात त्यांनी पुस्तक छापायचं नाही असं प्रकाशकाला कळवलं. त्यांच्या घरच्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि मी त्यांना दोष देत नाही. मी माळावरचे माझे सगळे दगड उचलले आणि पोत्यात भरून आणले. माझ्याआधीच्यांचे काही मुरमात अर्धे गाडलेले सापडले, चुना उडालेले, ते उकरून काढावे लागले. त्या हंगामात मी पुढे एकाही घरट्यावर गेले नाही. त्यानंतर माळावर पिल्लं निघाली की नाही ते मला माहीत नाही आणि माझ्या वहीत त्याची नोंद नाही.

लिहायला मात्र बसले. पहिल्याच पानावर अडले, कारण सरांनी ठसे कधी पाहिले याचा तपशील हवा होता. त्यांच्या जुन्या वह्या त्यांच्याकडेच होत्या, माळ्यावर, ट्रंकेत. मी फोन केला आणि म्हटलं की घाई नाही, वह्या निघतील तेव्हा बघून सांगा, अंदाजे साल कळलं तरी चालेल.

त्यांनी एक क्षणही घेतला नाही. साल सांगितलं, महिना सांगितला, तारीख सांगितली. सकाळचे पावणेसात झाले होते. रात्री वळीव पडून गेल्यानं माती ओली होती. घरटं पळसाच्या वाळल्या खोडापासून पश्चिमेला होतं, आदल्या दिवसापर्यंत त्यात चार अंडी होती, त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा जरासं फिकट. मी लिहून घेत गेले. सगळं सांगून झाल्यावरही फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.